गाळणी चहाची आणि ट्रॅक्टरची

हळदीचा हंगाम आला की आमच्या वसमत भागात बायांना मान वर करायला उसंत नसते. काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश, मग मार्केट! गेल्या हंगामात ऐन धांदलीत शेजारच्या घरचा ट्रॅक्टर बंद पडला. इंजिन जाम! दुरुस्तीसाठी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या.

मिस्तरींनी इंजिन खोललं तर ऑइल डांबरासारखं झालेलं, फिल्टर गच्च भरलेला. "वरून ऑइल टाकत होतो की," भाऊजी म्हणाले. फिल्टर मात्र चार वर्षांत बदललाच नव्हता.

मी मिस्तरींना खोदून खोदून विचारलं. पंप इंजिनच्या तळाचं ऑइल ओढतो आणि फिल्टरमधून पुढे ढकलतो. काजळी, धातूचा कीस फिल्टरच्या कागदात अडकतो. चहाच्या गाळणीत चोथा साचला की चहा थेंबथेंब पडतो ना? अगदी तसंच! पंपाच्या बाजूला दाब तुंबतो, पुढे इंजिनला तो कमी पडतो. अशा वेळी बायपास नावाची झडप उघडते. इंजिन कोरडं राहण्यापेक्षा न गाळलेलं ऑइल मिळालेलं बरं, एवढाच तिचा हेतू. पण मग तीच घाण बेअरिंगमध्ये फिरते. बेअरिंग झिजतात, फट वाढते, दाब आणखी उतरतो. म्हणून लाल दिवा लागला नाही म्हणजे फिल्टर चांगला आहे, असं समजू नका. दिवा लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं.

आता माझं म्हणणं ऐका. ट्रॅक्टर म्हणजे पुरुषांचं काम, असं आपण म्हणतो. पण हप्ता थकला की काटकसर कोण करतं? दागिना कुणाचा जातो? मग देखभालीतही आपण लक्ष घालायला नको का? फिल्टर काही शे रुपयांचा, इंजिनचं काम हजारोंचं. हा हिशेब बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला कळत नाही, असं कोण म्हणेल?

तेव्हा मैत्रिणींनो, घरात एक वही घाला. ऑइल आणि फिल्टर बदलल्याची तारीख आणि मीटरवरचे तास त्यात लिहा. पुढची पाळी कंपनीच्या पुस्तकात बघा. ऑइल बदलताना फिल्टर नवाच घ्यायला लावा, तोही अस्सल. आणि चालू इंजिनवर ऑइलचा लाल दिवा लागला तर "एवढं वावर उरकू" म्हणू देऊ नका. इंजिन तिथेच बंद!

चहाची गाळणी आपण रोज धुतो. ट्रॅक्टरच्या गाळणीचीही आठवण आपणच करून देऊ या.