निवाड्याची कारणे

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडपासून मिशिगन-मिनेसोटापर्यंत पसरलेल्या थंड मुलखात मार्च महिना लागला, की महाविद्यालयीन आइस हॉकीच्या रसिकवर्गात एक वाद दरसाल नव्याने उभा राहतो. आपल्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडू कोण, सर्वोत्तम बचावपटू कोण, आणि या साऱ्या बहुमानांच्या शिरोभागी असलेल्या होबी बेकर स्मृतिपुरस्काराचा खरा अधिकारी कोण, यावर विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच बाकांवर बसत आलेले गावकरी हिरीरीने भांडतात. पुष्कळ विचारी माणसे या भांडणाकडे तरुणांचा हट्ट म्हणून पाहतात व ते सोडून देतात. मला तसे वाटत नाही. या वादाच्या मुळाशी जी मागणी आहे, ती कोणत्याही न्यायनिवाड्याला लागू पडणारी आणि सर्वस्वी रास्त आहे: ज्यांच्या हाती मत देण्याचा अखत्यार सोपवला आहे, त्यांनी ते कोणाला व कोणत्या कारणास्तव दिले, हे दप्तरी नोंदवावे आणि ते दप्तर लोकांना खुले करावे.

ज्याच्या नावे हा पुरस्कार 1981 पासून दिला जातो, तो होबी बेकर प्रिन्स्टन विद्यापीठाचा खेळाडू. हॉकी आणि अमेरिकन फुटबॉल अशा दोन्ही खेळांत अद्वितीय ठरलेला, सामना संपल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन त्यांचे अभिनंदन करणारा, आणि पहिल्या महायुद्धात वैमानिक होऊन, युद्धविराम झाल्यानंतर, मायदेशी परतण्याचा हुकूम हाती आलेला असताना, 1918 च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये विमान कोसळून वयाच्या 26 व्या वर्षी मरण पावलेला. अशा पुरुषाच्या स्मृत्यर्थ पुरस्कार ठेवावयाचा, तर केवळ गोलांची बेरीज करून तो देता येणार नाही, हे संस्थापकांनी ओळखले होते. म्हणून पुरस्काराच्या निकषांत मैदानावरील व मैदानाबाहेरील चारित्र्य, खिलाडू वृत्ती, अभ्यासातील प्रगती आणि खेळाच्या सर्व अंगांतील नैपुण्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हे चारित्र्याचे कलम काढून टाकावे, असे म्हणणारा एक पक्ष रसिकांत आहे. चारित्र्य मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याच्या आडून पक्षपात शिरतो, असा त्याचा युक्तिवाद असतो. कलम काढणे मला मान्य नाही. ते काढले तर पुरस्काराला बेकरचे नाव ठेवण्याचे प्रयोजनच उरणार नाही. पण जे मोजता येत नाही, ते निदान शब्दांत सांगता येते, आणि ते सांगण्याचे बंधन मत देणाऱ्यावर असलेच पाहिजे.

2024 सालचा मामला या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या मॅकलिन सेलेब्रिनी या अवघ्या 17 वर्षांच्या मुलाने 38 सामन्यांत 32 गोल आणि 32 असिस्ट, म्हणजे 64 गुण मिळवले. शेजारच्या बॉस्टन कॉलेजच्या कटर गोटिये याचे 41 सामन्यांत 38 गोल आणि 27 असिस्ट, म्हणजे 65 गुण झाले, आणि गोलांच्या संख्येत त्याच्यापुढे देशात कोणी नव्हते. त्याच गोटियेचा सहकारी विल स्मिथ याने 41 सामन्यांत 71 गुण मिळवून एकूण गुणांत देशात पहिला क्रमांक पटकावला. अखेरच्या तिघांत सेलेब्रिनी, गोटिये आणि नॉर्थ डकोटाचा जॅक्सन ब्लेक आले. स्मिथ आला नाही. पुरस्कार सेलेब्रिनीला मिळाला.

आता दर सामन्यामागची सरासरी काढावी, तर सेलेब्रिनी गोटियेच्या पुढे जातो, पण स्मिथ त्या दोघांच्याही पुढे राहतो. केवळ गोल मोजावे, तर गोटिये श्रेष्ठ ठरतो. आणि स्मिथच्या दोन्ही बाजूंना रायन लेनर्ड व गेब पेरो यांच्यासारखे बरोबरीचे खेळाडू होते, ही गोष्ट हिशेबात धरली, तर त्याच्या 46 असिस्टचे मोल वेगळे ठरते, कारण या खेळात गोल करणाऱ्याला जितका गुण, तितकाच त्याच्याआधी पकला स्पर्श करणाऱ्या शेवटच्या दोघांनाही मिळतो. सेलेब्रिनीची निवड योग्यच झाली, असे माझे मत आहे. तो मध्यस्थानी खेळणारा, स्वतःच्या गोलापर्यंत मागे येऊन बचावाचा भार उचलणारा, आणि वयाने प्रतिस्पर्ध्यांपेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असूनही अंगबळाच्या झटापटीत न हटणारा खेळाडू होता. परंतु पुरस्काराच्या निवड समितीचेही कारण हेच होते, की तिने निराळ्याच कशाला महत्त्व दिले, हे रसिकांना कळण्यास मार्ग नाही. कोणी कोणाला मत दिले, हे जाहीर होत नाही. योग्य निवाडासुद्धा कारणांवाचून दिला, की हरलेल्या पक्षाच्या मनात संशय राहतो, आणि जिंकलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या यशावरही त्या संशयाची छाया पडते; यात त्या मुलाचा काय अपराध?

गोलरक्षकांची कैफियत याहून जुनी आहे. 1988 मध्ये मिनेसोटाचा रॉब स्टॉबर, 2001 मध्ये मिशिगन स्टेटचा रायन मिलर आणि 2022 मध्ये मिनेसोटा स्टेटचा ड्रायडन मॅके, एवढेच तीन गोलरक्षक चार दशकांहून अधिक काळात या पुरस्काराचे मानकरी ठरले. मॅकेने आपल्या कारकिर्दीत 34 सामने एकही गोल न स्वीकारता संपवले, हा विक्रम. तरीही त्याच्यापुढचा बचाव इतका भक्कम होता, की त्याच्यावर शॉट फारच थोडे येत, असा आक्षेप त्या वर्षी घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. 2014 पासून गोलरक्षकांसाठी माइक रिक्टर पुरस्कार स्वतंत्रपणे दिला जातो. हेतू चांगला, पण गोलरक्षकाला त्याचे स्वतःचे पारितोषिक आहेच, तेव्हा होबी पुरस्कार आघाडीच्या खेळाडूला द्यावा, अशी मनोवृत्ती मतदारांत रुजण्याचा धोका त्यातूनच उद्भवतो.

लीगच्या पुरस्कारांचा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण तेथे मत देणारे बहुधा संघांचे प्रशिक्षकच असतात. स्वतःच्या खेळाडूला मत देण्याची त्यांना सामान्यतः मनाई असते, आणि तो शिरस्ता उत्तम आहे. प्रतिस्पर्ध्याचे गुण प्रशिक्षकाइतके कोणी जाणत नाही, हेही खरे. पण बिग टेन लीगमध्ये एक संघ दुसऱ्याशी वर्षात चारदा खेळतो, तर संघांची संख्या मोठी असलेल्या हॉकी ईस्टमध्ये काहींशी दोनदाच. एखाद्या प्रशिक्षकाने ज्या खेळाडूला दोन सामन्यांत पाहिले, तो नेमका त्या शुक्रवार-शनिवारी दुखापतीतून उठलेला असेल, तर त्याचे मत उरलेल्या हंगामाबाबत आकड्यांवरच अवलंबून राहणार, आणि आकडे पाहिले, की पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा एक माणूस बाहेर असताना, गोल करणारा नजरेत भरतो. एक माणूस कमी असताना, स्वतःच्या वर्तुळातला फेसऑफ जिंकून पक कडेच्या फळीवरून बाहेर काढणारा, त्या मिनिटा-दीड मिनिटात दमून बाकावर परतणारा तिसऱ्या फळीचा खेळाडू गुणतक्त्यात शून्य असतो. रसिक मात्र त्याला ओळखतात. घरच्या मैदानावरील प्रत्येक सामना त्यांनी पाहिलेला असतो.

म्हणूनच होबी पुरस्कारात रसिकांना शेकडा एक एवढाच वाटा देण्याची जी तजवीज आहे, ती मला पसंत नाही. उरलेला भार समितीवर असताना हा एक टक्का निकाल क्वचितच बदलू शकेल. आणि बदललाच, तर ज्या विद्यापीठात विद्यार्थी जास्त त्याचाच खेळाडू पुढे जाईल, जे लेक सुपीरियर स्टेटसारख्या छोट्या महाविद्यालयांवर अन्यायाचे होईल. रसिकांना मत नको. त्यांना निवाड्याची कारणे हवीत, ती मिळाली की वाद घालण्याचा हक्क ते स्वतःच बजावतील.

हे अशक्य नाही, याचा दाखला शेजारच्याच व्यावसायिक हॉकीत आहे. एन.एच.एल.च्या हार्ट, नॉरिस, काल्डर इत्यादी पुरस्कारांसाठी मत देणाऱ्या वार्ताहरांच्या संघटनेने 2018 पासून प्रत्येक सभासदाचे मत नावानिशी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यामुळे काही वार्ताहरांना टीका सहन करावी लागली, हे खरे. पण मत देण्यापूर्वी पश्चिमेकडचे रात्री उशिराचे सामनेही पाहिले पाहिजेत, ही जबाबदारी त्या टीकेच्या धाकाने अंगी बाणते, आणि तो धाक हितकारकच आहे.

प्रशिक्षकांची हरकत मला ठाऊक आहे, आणि ती क्षुल्लक नाही. आपण अमक्याला मत दिले नाही, हे कळल्यास त्या मुलाशी, त्याच्या पालकांशी आणि त्याच्या प्रशिक्षकाशी संबंध बिघडतील. शिवाय आज खेळाडू एका महाविद्यालयातून दुसऱ्यात सहज बदलून जातात, तेव्हा ज्याला उद्या आपल्याकडे घ्यावयाचे त्याला आज दुखवण्याची कोणाची तयारी असेल? यास्तव मते त्याच दिवशी जाहीर करू नयेत. अंतिम सामना होऊन हंगाम बंद व्हावा, महाविद्यालय बदलण्याची मुदत टळावी, आणि मग उन्हाळ्यात, प्रत्येक मतदाराच्या नावापुढे त्याची पहिली तीन नावे आणि पहिल्या नावामागचे कारण दोन वाक्यांत छापावे. प्रथम लीगच्या पुरस्कारांत हा प्रयोग करावा, कारण तेथे मतदार थोडे, नियम बदलणे सोपे, आणि ज्यांनी मते द्यावयाची ते प्रशिक्षक वर्षातून एकदा एकाच टेबलाभोवती बसतातच.