दारात आलेली पुस्तिका

गिरडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी, पण प्रश्न एका ओळीचा. त्यांची धाकटी जाऊ काही महिन्यांपासून दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थनेला जाते. गावात येणाऱ्या एका जोडप्याने तिला इंजीलची छोटी मराठी पुस्तिका दिली आहे. सासरे म्हणतात, पुस्तिका जाळा. दीर म्हणतो, हिला माहेरी धाडतो. मोहल्ल्यातली पोरे म्हणतात, त्या दोघांना पुन्हा गल्लीत पाऊल टाकू देणार नाही. ‘आम्ही काय करावे?’ असे आपांनी विचारले आहे. दीर दारू पितो, हे तिसऱ्या पानावर जाता जाता आले आहे.

गिरडची टेकडी आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही येतात. (दर्ग्यावर काय करावे आणि काय करू नये यावर आमच्याच घरात दोन मते आहेत, तो विषय आज नको.) टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. जाणकार त्यांना खडकात तयार झालेले झिओलाइटचे गोळे म्हणतात. लोककथा वेगळे सांगते. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे, नारळासकट, दगड झाले. ही अर्धी कथा सगळे सांगतात. उरलेली अर्धी अशी की व्यापाऱ्यांनी माफी मागितली, बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला आणि मग ते दोघे मरेपर्यंत बाबांच्या सेवेत राहिले. माल दगड झाला तेव्हा ते फक्त घाबरले होते. राहिले ते माल परत मिळाल्यावर, म्हणजे जायला मोकळे असताना. कथा खरी मानायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. सांगणाऱ्याला माणसाची पारख होती, एवढे मात्र खरे.

याच वर्धा जिल्ह्यात १९३६ साली हा प्रश्न मोठ्या माणसांसमोर आला होता. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली होती, आणि ख्रिस्ती, मुसलमान, शीख सगळेच त्यांच्याकडे आशेने पाहत होते. नोव्हेंबर १९३६ मध्ये जॉन मॉट हे अमेरिकन ख्रिस्ती नेते गांधीजींना भेटायला शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले. आपल्याला लाभलेली शुभवार्ता दुसऱ्याला सांगणे हे कर्तव्य आहे, अशी मॉट यांची भूमिका. गरिबांच्या वस्तीत धर्माधर्मांची चढाओढ नको, असे गांधीजींचे म्हणणे. दलितांच्या समजशक्तीविषयी गांधीजी तेव्हा जे बोलले ते आम्हाला पटत नाही. ज्यांना समजणार नाही असे धरून चालले होते, त्यांच्या नेत्याने वीस वर्षे सगळ्यांचे ऐकून, वाचून १९५६ साली नागपुरात स्वतःचा मार्ग निवडला.

पण १९३६ ची दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे, आणि ती आपण सहसा काढत नाही. त्याच वर्षी गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांनी इस्लाम स्वीकारला. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या जामा मशिदीत ते जाहीर झाले, अब्दुल्ला हे नाव ठेवले गेले, सत्कार झाले. हरिलाल दारूच्या आणि कर्जाच्या फेऱ्यात होते, हे लपलेले नव्हते. गांधीजींनी मुसलमान मित्रांना उद्देशून लिहिले, त्याचा आशय असा: हे मनापासून असेल तर माझी तक्रार नाही, पण आधी माणूस पारखून घ्या. कस्तुरबांनीही आपले दुःख जाहीरपणे मांडले. काही महिन्यांतच हरिलाल परत गेले. एका आजारी माणसाला मंचावर बसवण्याची घाई आपण केली. त्याची दारू सोडवायला किती जण त्याच्या शेजारी बसले?

म्हणून ख्रिस्ती प्रचारकाला बोल लावताना माप एकच असावे. राज्यघटनेच्या कलम २५ ने त्याला आपला धर्म सांगण्याचा हक्क दिला आहे. आपण मराठी कुरआन वाटतो तेही याच कलमाच्या आधारे. आमिष आणि जबरदस्ती त्यालाही मना आहे, आपल्यालाही.

मान्य न करणाऱ्याशी कसे वागावे, याचा धडा नजरानच्या शिष्टमंडळात आहे. हे ख्रिस्ती लोक मदिनेला आले. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना मशिदीतच प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयी बोलणे झाले. त्यांनी इस्लाम मानला नाही. पैगंबरांनी (स.) त्यांच्याशी करार केला, त्यांच्या धर्माला आणि मालमत्तेला अभय दिले, आणि ते सुखरूप घरी गेले. ज्याच्यावर आपला जीव आहे त्यालाही आपण मार्गावर आणू शकत नाही, ते अल्लाहच्या हाती आहे, असे सूरह अल-कसस (२८:५६) मध्ये खुद्द पैगंबरांना (स.) सांगितले गेले आहे. मग गिरडच्या सासऱ्यांना ते कसे जमावे?

तेव्हा आपा, पुस्तिका जाळू देऊ नका. तिच्यात हजरत ईसा आणि बीबी मरियम यांचे नाव आहे. ईसा अल्लाहचे पुत्र आहेत हे आपण मानत नाही आणि मानणारही नाही. तेवढे त्या जोडप्याला बसवून, चहा देऊन, स्पष्ट सांगा. पोरांना गल्लीच्या तोंडाशी उभे राहू देऊ नका. सासऱ्यांना विचारा, सून रविवारी कुठे जाते याची चौकशी झाली, मुलगा रोज रात्री कुठे जातो याची कधी झाली? आणि जाऊबाईंना माहेरी धाडायचे नाव कोणी काढू नये.

या जुम्याला नमाजनंतर तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जा. सोबत कोणाला नेऊ नका. सूरह मरियमचा मराठी अनुवाद न्या, पण लगेच उघडू नका. त्या दोघांनी प्रार्थनेला बोलावण्याआधी तिला काय विचारले होते, ते तिच्याकडून ऐका. आमचा अंदाज आहे की त्यांनी विचारले असेल, ‘घरी कसे चालले आहे?’ ती काय म्हणाली ते आम्हाला कळवा.