नुसतं बघायचे पैसे घ्या, पण मग नीट बघा

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की माझ्या दुकानात गाडी तपासायचेच 400 रुपये घेतो. त्यावर नवीन गॅरेज टाकलेल्या एका मित्राने विचारलं, "दादा, नुसतं बघायचे पैसे? गिऱ्हाईक पळून जाईल की!" याचं उत्तर व्हिडिओत दोन मिनिटांत देता आलं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

माझ्या कार एसी आणि वायरिंगच्या दुकानाचं दुसरं वर्ष. एप्रिल महिना. एक रिटायर्ड काका सेकंडहँड सेडान घेऊन आले. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली, म्हणजे आपण 24 नंबर लावायचा आणि गाडीने तेवढं तापमान सांभाळायचं. तक्रार काय, तर एसी मस्त चालतो आणि मध्येच गरम हवा फेकायला लागतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की बऱ्याचदा परत थंड. आणि दुकानात? दुकानात गाडी एकदम शहाण्यासारखी वागली.

बाहेर चार गाड्या उभ्या, गॅस मशीनचा हप्ता डोक्यावर. मी म्हटलं, "गॅस कमी असेल काका." 1,800 रुपये. आठ दिवसांनी काका परत. मग रिले आणि प्रेशर स्विच बदलला, 2,500. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी कॉम्प्रेसरवर बोट ठेवलं आणि वीस हजारांचा अंदाज सांगितला.

काका चिडले नाहीत. खिशातून छोटी डायरी काढून समोर ठेवली. तारीख, वेळ, रस्ता, नंबर किती होता, सगळं लिहिलेलं. सात नोंदी होत्या. सातही वेळा हवा गरम होण्याआधी काकांनी नंबर बदलला होता. ज्या दिवशी एकदा 23 लावून हात लावला नाही, त्या दिवशी पुण्यापर्यंत काहीही झालं नव्हतं.

आता आतली गंमत समजून घ्या. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, त्यात इंजिनचं गरम पाणी फिरतं. एसीने थंड केलेली हवा त्यावरून किती जाऊ द्यायची, हे एक झडप ठरवते. ती झडप फिरवायला छोटी मोटर असते आणि तिच्या आत प्लॅस्टिकचे गिअर. दात झिजला की झडप गरम बाजूला अडकते. गाडी बंद-चालू केली की सिस्टिम ती पुन्हा जागेवर आणायचा प्रयत्न करते, कधी जमतं, कधी नाही. म्हणजे एसी बिचारा थंडच करत होता, हीटर ती हवा पुन्हा तापवत होता.

मी इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केलं आणि नंबर वर-खाली केला. डॅशबोर्डच्या मागून टक-टक-टक. मग इंजिन चालू करून तेच केलं. एकदाची गरम हवा आली. बोनेट उघडून एसीचा जाड पाइप हाताला लावला, तर गारेगार, घाम सुटलेला. गॅस किंवा कॉम्प्रेसरचा दोष असता तर तो पाइप एवढा गार लागला नसता. या तपासणीला खर्च शून्य.

इथे कबूल करतो. पहिल्या दिवशी मशीनने जुना गॅस बाहेर काढला, तेव्हा ग्रॅमचा आकडा जवळपास पूर्ण होता. मी तो पाहिला आणि तरी बिल फाडलं. याला नवखेपणा म्हणता येत नाही. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो जळून संपत नाही. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण पटकन कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मोटर बदलली, मजुरीसकट 1,400 झाले. आधीचे 4,300 परत केले. त्या महिन्यात हप्त्यासाठी घरातून पैसे घ्यावे लागले, बायकोला कारण सांगताना मान खाली होती.

म्हणून 400 रुपये. माझं स्पष्ट मत आहे, बघायचे पैसे मिळत नाहीत म्हणून आपण पार्ट विकून ते वसूल करतो. फुकट बघणारा घाईत बघतो. 400 घेतले की मला पाऊण तास शांतपणे मिळतो. काम केलं तर बिलातून वजा करतो. दोष दिसलाच नाही तर पैसे घेत नाही, बिलावर "दोष दिसला नाही" असं लिहून देतो आणि गिऱ्हाइकाला कार्ड देतो. काही लोक जातात, खरंय. गॅस भरून देणारी दुकानं शेजारीच आहेत.

हिवाळ्यात उलटी तक्रार येते. महाबळेश्वरला निघालेली गाडी, हीटर चालताना गरम आणि सिग्नलला थांबलं की गार. तिथे आधी कूलंटची पातळी बघा, इंजिन थंड असताना. गरम इंजिनचं झाकण उघडू नका, हात भाजेल.

कार्डावर सहाच ओळी आहेत: कधी, कुठे, गाडी किती वेळ चालली होती, नंबर काय होता, नंतर काय बदललं, कुठला आवाज आला का. काकांच्या डायरीवरूनच घेतलंय. पुढच्या व्हिडिओत ते कार्ड दाखवतो, स्क्रीनशॉट काढा आणि आपल्या धंद्याप्रमाणे ओळी बदला. मिक्सर दुरुस्त करणाऱ्यालाही चालेल.