पेन्सिल करमुक्त, कागद महाग

22 सप्टेंबर 2025 पासून पेन्सिली, क्रेयॉन, पेस्टल आणि चारकोल यांवरचा 12 टक्के जीएसटी शून्यावर आला. त्याचे आपण कलाशिक्षकांनी मनापासून स्वागत केले. पण त्याच दिवशी वह्यांसाठीचा कागद वगळून उरलेल्या अनकोटेड कागदावरचा कर 12 वरून 18 टक्क्यांवर गेला. आपली सुटी कार्ट्रिज शीट त्यातच मोडते. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या कलाशिक्षकांची पत्रे याच एका तक्रारीने भरली आहेत.

‘चित्रकलेची वही करमुक्त आहे, ती वापरा,’ असे उत्तर ऐकायला मिळते. असे सांगणाऱ्याने एकदा त्या वहीच्या पानावर रंगीत पेन्सिलींनी अद्भुतरम्य कल्पनाचित्र रंगवून पाहावे. मकरासारख्या कल्पनाप्राण्याच्या अंगावरचे एकेक खवले उठवायचे तर फिका पिवळा, त्यावर हिरवा, सावलीत निळा-तपकिरी असे पाच-सहा थर लागतात. पातळ, गुळगुळीत कागदाचा ग्रेन तिसऱ्या थरातच मेणाने भरतो. पुढची पेन्सिल नुसती घसरते. बर्निशिंगचा, म्हणजे रंग घासून चकाकवण्याचा, जोर दिला की पान फाटते. एखाद्या प्राण्याच्या आयाळीचे पांढरे केस राखण्यासाठी शाई संपलेल्या बॉलपेनने आधी खाच पाडावी, तर ती मागच्या पानावर उमटते. या कामाला किमान 150 जीएसएमचा, ग्रेन असलेला कागदच हवा. पेन्सिल स्वस्त करून कागद महाग करणाऱ्यांना हे दोन्ही एकाच हातात असतात, याचा विसर पडला आहे.

दोष सरकारचाच नाही. इंटरनेटवरचा किल्ला आणि ड्रॅगन 75 जीएसएमच्या कागदावर झेरॉक्स करून वर्गात वाटणारे शिक्षक आपल्यातही आहेत. मूल त्यात फक्त रंग भरते. रचना, प्रमाण, छायाप्रकाश यांचा विचार त्याच्या वाट्याला येतच नाही. कल्पनाप्राण्यांची उणीव आपल्याला कधीच नव्हती. मराठवाड्यातल्या जुन्या मंदिरांवरचे व्याल, मकर, कीर्तिमुख पाहा. औंढा नागनाथच्या काळ्या दगडातल्या मूर्तींसमोर मुलांना बसवा, रेखाटने करून घ्या आणि मग त्यांतून प्रत्येकाला स्वतःचा प्राणी घडवू द्या. काळ्या दगडाची सावली काळ्या पेन्सिलीने न भरता गडद निळ्यावर तपकिरी चढवून कशी येते, हे तिथेच दाखवता येईल. वर्गावर हे करायला वेळ लागतो, मान्य. पण तो वेळ देणे हेच आपले काम आहे.

आता कागदासाठी कृती हवी. तालुक्यातल्या शाळांनी एकत्र येऊन 22 बाय 30 इंची शीट घाऊक भावात घ्यावी आणि चार तुकडे करून मुलांना द्यावी. एका शीटमध्ये चौघांची सोय होते. जीएसटी परिषदेत प्रत्येक राज्याचा मंत्री सदस्य असतो. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यातल्या संघटनांनी ‘वहीच्या कागदाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंग शीटवरचा करही शून्य करा’ ही एकच मागणी आपल्या राज्याच्या वित्तमंत्र्यांकडे लेखी पाठवावी. सोबत जुन्या आणि नव्या दराची बिले जोडावीत. नुसत्या निवेदनाची दखल कोणी घेत नाही. त्या बिलांच्या प्रती आमच्याकडेही पाठवा. पत्रे पुष्कळ आली, आता पुरावे येऊ द्या.