गाडीचा पत्रा आणि पंपाचा पत्रा

परवा विहिरीवरची पाच एचपीची मोनोब्लॉक जळाली, भरायला टाकली. जुनी तार सुटावी म्हणून वाइंडरने स्टेटर सरळ जाळात घातला. तार सुटली, पण पत्र्यांमधलं कोटिंगही जळालं. मोटार चालतेय, फक्त आधीपेक्षा जास्त तापते.

मोटारीचं पोट अखंड लोखंडाचं नसतं. सिलिकॉन मिसळलेल्या स्टीलच्या पातळ पत्र्या एकीवर एक रचलेल्या असतात, प्रत्येकीवर कोटिंग. चुंबकत्व उलटसुलट झालं की लोखंडातच प्रवाह गोल फिरतात (एडी करंट) आणि वीज नुसती उष्णता होऊन जाते. पत्रा निम्म्या जाडीचा केला तर हे नुकसान चौथाईवर येतं. कोटिंग जळालं की पत्र्या एकमेकींना चिकटून पुन्हा जाड लोखंड तयार!

सध्या या पत्र्यावर सगळं संशोधन चाललंय ते इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. आपल्या पंपात चुंबकत्वाचे फेरे सेकंदाला ५०, म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा भागतो. गाडीची ८ पोलची मोटार १२,००० आरपीएमला फिरली तर तेच फेरे ८००. म्हणून तिथे ०.३५, ०.३०, ०.२५ मिमी असे पत्रे पातळ होत चाललेत. सिलिकॉन वाढवलं तरी नुकसान घटतं, पण साडेतीन टक्क्यांच्या पुढे पत्रा लाटताना तडकतो. जपानने यावर तोड काढली. आधी पत्रा लाटायचा, मग वायूतून सिलिकॉन आत मुरवायचं. असा ६.५ टक्क्यांचा पत्रा १९९३ पासून तिथे बनतो. महाग आहे, हे सांगायला नको.

आता माझं मत. ५० हर्ट्झच्या पंपाला ०.२० चा पत्रा मागणं म्हणजे बैलगाडीला रेसचे टायर. पण चांगल्या ग्रेडचा अर्धा मिलिमीटर मागायला काय हरकत आहे? पत्र्याच्या ग्रेडमध्येच हिशेब लिहिलेला असतो. एम४००-५०ए म्हणजे ०.५० मिमी जाडी आणि १.५ टेस्ला, ५० हर्ट्झला किलोमागे जास्तीत जास्त ४ वॅट नुकसान. एम८००-५०ए म्हणजे ८ वॅट. दोन्ही मोटारींवर एचपी तोच, रंगही तोच. कोटेशनमध्ये ग्रेड मात्र कुणी लिहीत नाही, आणि आपणही विचारत नाही.

साडेसात एचपीपर्यंत बिल माफ असल्याने ग्रिडच्या पंपात हे नुकसान आपल्या खिशाला दिसत नाही. सौर पंपात दिसतं. पॅनल मोजून मिळतात, मोटारीत जेवढे वॅट गेले तेवढं पाणी कमी, आणि ढगाळ दिवशी तर मोटार उचलतच नाही. सौर पंपात आता कायम चुंबकाच्या मोटारीही येतायत, म्हणजे गाडीच्या मोटारीची धाकटी भावंडंच. गाड्यांसाठी सुधारलेला पत्रा स्वस्त झाला की आधी इथे यायला हवा, आणि सरकारी टेंडरमध्ये ग्रेडची अट हवी.

वाइंडरला म्हटलं, पुढच्या वेळी कॉइलची डोकी काप, बेताने तापवून तार ओढ, जाळात टाकू नको. तो म्हणाला, "दादा, अर्धा दिवस जातो त्यात. मजुरी वाढवा."

वाढवीन म्हटलं.