कपाटाची किल्ली कोणाकडे?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, "पोराला अभ्यासाची गोडीच नाहीं," हें वाक्य आपण शाळेंत ऐकतां आणि खालीं मान घालून घरीं येतां. आम्ही स्वतः शिक्षक आहोंत, म्हणून स्पष्ट सांगतों: गोडी कोणी जन्मतः गांठीं बांधून आणीत नाहीं. बीं कितीही चांगलें असलें तरी वाफसा नसतां पेरलें तर उगवेल काय?

जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें. मोडी, बालबोध व हिशेब यांबरोबर मुलांस शेतीचें प्राथमिक ज्ञानही द्यावें, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरील असा शिक्षक असावा, अशी त्यांची मागणी होती. घरचें काम शाळेंत आलें म्हणजे मूल शाळेंत रमतें, हें मर्म आम्ही त्यांतून घेतों.

क्षेत्रफळाचेंच पाहा. फळ्यावर "लांबी गुणिले रुंदी" लिहिलें कीं कुणब्याचें पोर जांभया देतें. त्याच पोराच्या हातीं टेप देऊन त्याला बांधावर न्या. 33 फूट लांब व 33 फूट रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट, अर्थात् एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. मग आपल्या बापाचें वावर किती भरतें, हें तें कोणी न सांगतां मोजूं लागतें. सुताराच्या मुलास काटकोन असाच गुण्यानें समजतो.

पण टेप असून भागत नाहीं, ती मुलाच्या हातांत पाहिजे. पुष्कळ शाळांत गोष्टींचीं पुस्तकें, नकाशे, भिंगें येतात, नोंदवहींत चढतात आणि कुलपांत जातात. "फाटलें तर भरपाई कोण देणार?" ही धास्ती त्यामागें असते. अहो, फाटलेलें पुस्तक निदान वाचलेलें तरी असतें. कोरें पुस्तक म्हणजे वाळवीचें जेवण!

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानें प्रत्येक शाळेंत वर्तमानपत्रें व गोष्टींचीं पुस्तकें असलेलें ग्रंथालय, शिकविण्याचें साहित्य आणि खेळाचें सामान असावें असें ठरविलें आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितींत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, हेंही त्याच कायद्यांत आहे. तेव्हां बैठकीस केवळ सहीपुरते जाऊं नका. विचारा: कपाट शेवटीं केव्हां उघडलें? गेल्या महिन्यांत कोणत्या मुलानें कोणतें पुस्तक घरीं नेलें? उत्तर न मिळाल्यास किल्ली मागा. कपाट उघडेपर्यंत आपल्या पोराला ढ म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आम्हां शिक्षकांस तर नाहींच नाहीं.