दोन बॉयलर, एक कप

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलीने कॉफीच्या मशीनवर लेख लिहावा, हा तसा विनोदच आहे. आमच्याकडे पाणी तापवायची साधी कॉइल सापडली तरी रेक्टर मॅडम जप्त करतात, आणि मेसच्या कॉफीबद्दल न बोललेलंच बरं! पण प्लेसमेंट सुरू झाल्यापासून आमच्या विंगमध्ये एकच प्रश्न फिरतोय, पहिल्या पगारात काय घेणार? कुणी बाईक म्हणतं, कुणी आईला साडी. फायनल इयरच्या एका ताईने मात्र जाहीर केलंय की ती घरी ड्युअल बॉयलर एस्प्रेसो मशीन घेणार, तेही हप्त्यांवर. तेव्हापासून आमचं रोज भांडण चालू आहे. त्या भांडणातले माझे मुद्दे इथे मांडते. तिचेही मांडते, कारण तिचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. सरकारी मराठीत बॉयलरला ‘बाष्पक’ म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा शब्द मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळला, पण तोंडात बॉयलरच बसलाय, म्हणून तोच वापरते. एस्प्रेसोला साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं, ते ९ बारच्या आसपास दाबाने बारीक दळलेल्या कॉफीतून पंचवीस-तीस सेकंदात जायला हवं. दूध फेसाळायला मात्र वाफ लागते, आणि वाफेचा बॉयलर चालतो साधारण १२५ अंशांना. म्हणजे आपल्या कुकरची शिट्टी ज्या दाबाला होते, त्याहून थोडं वर. आता ९३ आणि १२५ ही दोन तापमानं एकाच भांड्यात एका वेळी कशी ठेवणार? सगळा घोळ इथेच आहे.

यावर तीन उत्तरं निघाली. पहिलं, एकच बॉयलर ठेवा. आधी कॉफी काढा, मग बटण दाबून तो वाफेसाठी तापेपर्यंत थांबा. दुसरं, एकच मोठा वाफेचा बॉयलर ठेवा आणि कॉफीचं पाणी त्याच्या आतून जाणाऱ्या नळीतून न्या, म्हणजे आपलं सिलॅबसमधलं हीट एक्स्चेंजर! १९६१ साली आलेल्या फाएमाच्या ई-६१ ने हीच पद्धत लोकप्रिय केली. पण मशीन नुसतं उभं राहिलं की नळीतलं पाणी जास्त तापतं, आणि कॉफी काढण्याआधी थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. तिसरं उत्तर म्हणजे दोन कामांना दोन बॉयलर. फ्लॉरेन्सच्या ला मार्झोकोने १९७० मध्ये जीएस या मॉडेलमध्ये ते बसवलं. हे सगळं कॅफेसाठी होतं, हे लक्षात ठेवा. घरच्या ओट्यावर दोन बॉयलर आले ते पुष्कळ नंतर. याच कंपनीचं घरगुती लिनिया मिनी २०१५ चं आहे.

आता ताईची बाजू. ती म्हणते, कॉफीचं तापमान एकेका अंशाने बदलता येतं आणि वाफेचं त्याला काही घेणंदेणं नसतं. हे शंभर टक्के खरं आहे. हलक्या भाजलेल्या बियांना जास्त गरम पाणी मानवतं, काळ्याकुट्ट भाजलेल्यांना कमी, नाहीतर कडवट होतात. पीआयडी कंट्रोलर असला की ९३ सेट केलं तर आजही ९३ आणि उद्याही ९३. आपण प्रॅक्टिकलला काय शिकतो? एका वेळी एकच व्हेरिएबल बदला. तापमान जागेवर राहिलं तर दळण बदलल्याचा परिणाम कळतो, नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार. तिचा दुसरा मुद्दा, कॉफी उतरत असतानाच शेजारी दूध फेसाळता येतं. घरात पाहुणे आले आणि सहा कॅपुचिनो करायचे असले तर एका बॉयलरवाल्याचा सहावा पाहुणा घरी निघून जाईल! इथे मी हरले. दोन बॉयलरची बरोबरी हे काम करताना एका बॉयलरचं साधं मशीन करू शकत नाही.

पण मी तिला विचारलं, तू एकटी राहणार, सकाळी एक कप पिणार. तुझ्याकडे सहा पाहुणे रोज येणार आहेत का?

चला, हीट बॅलन्स मांडू. समजा कॉफीचा बॉयलर अर्ध्या लिटरचा आणि वाफेचा सव्वा लिटरला थोडा कमी, १.२ लिटरचा. पाणी २५ अंशांना आहे. पहिल्याला ९३ पर्यंत न्यायला सुमारे १४० किलोज्यूल, दुसऱ्याला १२५ पर्यंत न्यायला सुमारे ५००. एकूण ६४०. यात पितळेचं आणि स्टीलचं वजन धरलेलंच नाही. आणि कपात काय जातं? ३६ ग्रॅम एस्प्रेसोसाठी सुमारे १० किलोज्यूल, फ्रिजमधलं दीडशे मिली दूध ६० अंशांवर न्यायला सुमारे ३२. म्हणजे ४२ कामाचे आणि ६४० तापवण्याचे, पंधरा पट! कॅफेत मशीन सकाळी एकदा तापतं आणि दिवसभर कप निघत राहतात, म्हणून तिथे हा हिशोब बसतो. घरी एका कपासाठी सगळी फौज उभी करायची आणि मग परत झोपवायची.

अर्थात, विजेचं बिल हा माझा मुद्दा नाही. ६४० किलोज्यूल म्हणजे ०.१८ युनिट, धातू आणि गळती धरली तरी काही रुपयांचा मामला. खरी किंमत वेळेची आहे. जड पितळी ग्रुप असलेलं मशीन नीट तापायला अर्धा तास लागतो. आठच्या बसला साडेसातला उठणारी माझ्यासारखी मुलगी टायमरचा प्लग लावेल, हे मान्य. मग दुसरी अडचण, दोन्ही हीटर एकदम चालले तर बरीच मशीन्स १५०० वॉटच्या पुढे जातात. भाड्याच्या खोलीतल्या ६ अँपिअरच्या प्लगला १३८० वॉटच झेपतात. आधी पॉवर प्लग कुठे आहे ते बघा, मग मशीन बघा.

तिसरा मुद्दा पाण्याचा, आणि मला वाटतं हाच सगळ्यात महत्त्वाचा. वाफेच्या बॉयलरमधून बाहेर पडते ती वाफ, क्षार आतच राहतात. रोज नवीन पाणी येतं, रोज थोडे क्षार वाढतात. पॉवर प्लांटमध्ये आपण यालाच ब्लोडाउन देतो ना? घरच्या मशीनलाही गरम पाण्याच्या नळातून मधून मधून पाणी काढून आतलं पाणी बदलावं लागतं, पण हे किती जण करतात? बोअरच्या पाण्यावर तर बोलायलाच नको. बरं, आरओचं घालावं, तर बऱ्याच मशीनमध्ये पाण्याची पातळी मोजणारी सळई पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालते. पाणी फारच शुद्ध असलं तर तिला बॉयलर रिकामाच वाटतो, शिवाय असं पाणी धातूही खातं. म्हणजे जास्त क्षार चालत नाहीत आणि क्षार नसलेलंही चालत नाही!

आणि दोन बॉयलर म्हणजे दोन हीटर, दोन सेन्सर, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. बिघडायच्या जागाही दुप्पट. माझ्या मावसभावाने कोल्हापूरला असं मशीन घेतलं. वर्षभर घरात कौतुक चाललं होतं, मग वाफेचा हीटर गेला. सर्व्हिसवाला मुंबईत, पार्ट परदेशात, आणि हप्ते मात्र दर पाच तारखेला. दोन महिने ते धूड ओट्यावर नुसतं बसून होतं. मावशी म्हणाली, “एवढ्यात एक म्हैस आली असती रे, दूध तरी घरचं झालं असतं!” दादाला काही बोलता येईना. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगते, त्या काळातही कॉफीचा बॉयलर ठणठणीत होता आणि तो काळी कॉफी रोज पीत होता. एकच बॉयलर असता तर तेही गेलं असतं.

मग माझं मत काय? ज्या घरात रोज सकाळी चार-पाच दुधाच्या कॉफ्या एका दमात लागतात, पाणी तपासलेलं आहे आणि दुरुस्ती करणारा गावात आहे, त्या घराने ड्युअल बॉयलर खुशाल घ्यावं. काळी कॉफी पिणाऱ्याला पीआयडी असलेलं एका बॉयलरचं मशीन पुरतं, कारण वाफेचा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. आणि पैसे मोजकेच असतील तर ते आधी ग्राइंडरमध्ये घाला. दळण एकसारखं नसेल तर पाणी वाट मिळेल तिथून पळतं, अर्धी कॉफी कच्ची राहते, अर्धी कडू होते. ते तुमचे दोन काय, चार बॉयलरही सुधारू शकत नाहीत.

ताईला मी एवढंच सांगते. अमेरिकेत दीड हजार डॉलरच्या पुढे सुरू होणारी ही वस्तू आपल्या हातात येईपर्यंत लाखाच्या बरीच वर जाते. पहिल्या नोकरीत माणूस शहर बदलतो, खोली बदलतो, कधी नोकरीही बदलतो. वीस-पंचवीस किलोचं मशीन आणि दोन वर्षांचे हप्ते घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणं सोपं नाही. आधी एक वर्ष साध्या मशीनवर हात बसव. त्यानंतरही रोज सकाळी तुला वाफेसाठी थांबायला लागलं म्हणून चीड आली, तर समज की दुसऱ्या बॉयलरची गरज तुझी आहे, जाहिरातीची नाही. मग घे, आणि मी स्वतः येऊन ते जिन्याने वर चढवायला मदत करीन. पहिला कॅपुचिनो मात्र माझा!